सव्वाशेरातला पाव

मी बोलतोय, माणिकरावांच्या किराणा दुकानातला पावशेर. माझं वजन वीस तोळे. अच्छेर म्हणजे अर्धा शेर, मग शेर, दोनशेरी, हे सगळे माझ्याहून थोर. पण 'शेराला सव्वाशेर' म्हणतात ना, त्यातला वरचा पाव मी! (हे मी जरा जास्तच वेळा सांगतो, असं दोनशेरीचं मत आहे.)

कुठल्या भट्टीत ओतला गेलो, आठवत नाही. जळगाव जामोदच्या बाजारात आलो तेव्हापासूनचं मात्र सगळं आठवतं. गिऱ्हाईक तोंडानं खुशाली विचारतं आणि डोळे काट्यावर ठेवतं. मला त्याचा कधी राग आला नाही. मी खरा होतो.

बासष्ट सालच्या उन्हाळ्यात आमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या, पंचफुलाच्या मुलीचं बारसं झालं. नवस होता, म्हणून पोरीच्या भारोभार गूळ आमच्याच तराजूत जोखला. दोनशेरी, शेर आणि अच्छेर चढले. साडेतीन शेर! माझी गरज पडली नाही.

त्याच आठवड्यात किलो आले. माणिकरावांनी आम्हाला पोत्यात भरलं. "किलो म्हणजे सरकारी शेर," असं जो तो सांगू लागला.

दहा दिवसांनी पंचफुला आणि तिची सासू सोजराबाई पोरीला घेऊन दुकानात आल्या. दोघींचे चेहरे उतरलेले.

"दवाखान्यातल्या बाईनं जोखलं. साडेतीनच!" सोजराबाई म्हणाल्या. "लेकरू तसूभर वाढलं नाही. हिच्या दुधात कसच नाही. उद्यापासून बकरीचं दूध पाजतो."

"आत्याबाई, ते किलो होते," पंचफुला हळूच म्हणाली. "शाळेच्या भिंतीवरचा तक्ता पाहून मी हिशेब केला. पावणेचार शेर येते. पण माह्या हिशेबाचं काय खरं? सातवीत गणितात पस्तीस मार्क होते. त्यातले पाच मास्तरनं दयेनं देल्ले."

"मंग?" माणिकरावांनी विचारलं.

"मंग जुन्या मापानं एकदा जोखून पाहा ना, दादा."

माणिकराव चपापले. "जुनी मापं बंद झाली, बाई. साहेबानं पाह्यलं तर?"

"कायदा मालाले आहे ना? लेकरू काय तूरडाळ आहे?"

माणिकराव हसले आणि पोतं सोडलं. पोर पारड्यात ठेवली. पंचफुला घाईनं म्हणाली, "दुपट्याचंही वजन धरा हो. नाही तर उगाच मले बरं वाटंल." मग दुसऱ्या पारड्यातही तसंच दुपटं घातलं.

दोनशेरी चढला. शेर चढला. अच्छेर चढला. पोरीचं पारडं हललं नाही. माणिकरावांनी मला उचललं. पंचफुलाचा श्वास अडकला होता. खोटं कशाला बोलू, माझाही.

मी टेकलो. पोर अलगद वर आली आणि काटा सरळ उभा राहिला.

"पावणेचार!" माणिकराव ओरडले. "दहा दिवसांत पावशेर चढली, सोजराबाई! कुठं हाय ते बकरीचं दूध?"

सोजराबाईंनी दोनदा काट्याकडे पाहिलं. मग पोरीला उचलून सुनेच्या मांडीवर ठेवलं. "पाज बाई. भुकेली आहे ते. आन् त्या मास्तराले सांग, पाच नाही, पन्नास कमी देल्ले तुले."

उद्या आम्ही तहसील कचेरीत जमा होणार. पुढं भट्टी. वितळून माझी कढई करा, विळा करा, तक्रार नाही. आयुष्यभर मिरच्या जोखल्या, पण शेवटी एका आईचं दूध जोखलं. एवढा मान कुठल्या दोनशेरीला मिळाला?

फक्त किलोरावांना एक निरोप द्या. आकडा सांगाल तेव्हा सोबत आपलं नावही सांगत जा. नुसत्या 'साडेतीन'नं आईचा जीव अर्धा होतो.