कवड्या कोंबड्याचा नवस

सात कोंबड्या आणि तीन कोंबडे. कुणाही शहाण्याला विचारा, तो म्हणेल, दोन कापा आणि मोकळे व्हा. कुंभारीची सोजरबाई काही खुळी नव्हती. सात कोंबड्यांना एक कोंबडा पुष्कळ झाला, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पण तिन्ही कोंबडे देवाला बोललेले. असल्या जिवाला मधेच सुरी लावायची नाही आणि बाजारही दाखवायचा नाही.

तांबडा म्हसोबाचा. बैलाचं पोट फुगलं तेव्हा तिचा नवरा धोंडीराम घाबरून तो बोलून बसला होता. काळा मरीआईचा. गेल्या साली शेजारच्या गावात पटकी आली, तेव्हा सोजरबाईनंच पदर पसरला होता. हे दोघं आखाडात जायचे, आणि आता कुठं माघ चालला होता. तिसरा कवड्या, अंगावर काळेपांढरे ठिपके असलेला. तो तिच्या सुनेनं लक्ष्मीआईला बोलला होता. कशासाठी, ते ती सांगत नव्हती. फळायच्या आत सांगितलेला नवस फळत नाही, हे सोजरबाईलाही ठाऊक होतं. म्हणजे विचारायचीही सोय नाही.

पण मनाला कोण आवरणार? सून मंगळवेढ्याची, नाव विजयमाला. एवढं लांबडं नाव घेत कोण बसतं, म्हणून सोजरबाई तिला 'ए मंगळवेढ्याची' अशीच हाक मारायची. लग्नाला दोन वर्षं झाली होती. नवस पोरासाठी म्हणावा तर नातू अंगणभर रांगत होता. मुलगा कुंडलिक सोलापूरच्या गिरणीत कामाला, रोज तीन कोस जायचा आणि तीन कोस यायचा. त्याच्या जोडीचे दोघंतिघं गिरणीजवळच्या चाळीत बिऱ्हाड करून राहिले होते. मग नवस दुसरा कशाचा असणार? खोलीचा. वेगळ्या चुलीचा. कवड्या आरवला की सोजरबाईला ती खोलीच दिसायची. एकुलता एक पोरगा नातवाला घेऊन गेला, तर घरात उरणार कोण? ती, धोंडीराम आणि दोघांचा खोकला.

इकडं परसात नुसता धुमाकूळ. तिन्ही कोंबडे दिवस उगवल्यापासून एकमेकांच्या तुऱ्याला भिडलेले, आणि भांडण थांबलं की कोंबड्यांच्या मागं. बिचाऱ्यांच्या पाठीवर पिसं राहिली नाहीत. पिवळी तर पाठीला जखम घेऊन दिवसभर सरपणात दडून बसायची. रोज चार-पाच अंडी मिळायची, तिथं एक मिळेना. सोजरबाईनं तांबड्याच्या पायाला दोरी लावली, तर काळ्यानं त्याला बांधल्या जागी बडवला. काळा शेजारच्या मुक्ताबाईकडं ठेवला, तर तो तिच्या कोंबड्याचा डोळा सुजवून दिवस मावळायच्या आत घरी हजर. मुक्ताबाई चार दिवस बोलली नाही.

एक दिवस भाकरी थापता थापता सून म्हणाली, ह्यांच्या गिरणीत माणसांना पाळ्या असतात, तशा कोंबड्यांना लावून बघू. एक सुटा, दोघं डालग्याखाली. सकाळी एक सोडायचा, दुपारी दुसरा, तिसऱ्याला सुट्टी. दुसऱ्या दिवशी सुट्टी दुसऱ्याला. सोजरबाईनं नाक मुरडलं. धोंडीराम म्हणाला, मग भोंगाही आणा एक.

तरी केलं. पहिल्या दिवशी दोन्ही डालगी शेजारी शेजारी ठेवली, तर आतले दोघं कामट्यांच्या फटीतून दिवसभर चोची मारत राहिले. मग सुनेनं एक डालगं घरापुढं नेलं, एक मागं, आणि वरून गोणपाट टाकलं. आत अंधार झाल्यावर कोंबडा गप्प. खाली मूठभर ज्वारी आणि पाण्याची परळ. पाळी बदलायला ती स्वतः उठायची, पोर कडेवर घेऊन. पिवळीच्या पाठीला तेल-हळद लावायची. पंधरा दिवसांत पिवळी सरपणातून बाहेर आली, आणि महिन्याभरात तिच्या पाठीवर कोवळी पिसं दिसायला लागली. सोजरबाई रोज हात फिरवून बघायची.

अशात मुक्ताबाई रुसवा सोडून आली. परसातली शांतता बघून तिनं तोंडात बोट घातलं. कसं गं जमवलंस, म्हणाली. सोजरबाईच्या तोंडून निघून गेलं, "माझं डोकं न्हाय बाई ह्ये. आमच्या विजूचं. लई गुनाची पोर हाय."

आत भाकरी थापायचा आवाज थांबला. आता ही भाकरी करपवणार, असं सोजरबाईला वाटलं, आणि करपलीच.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सकाळीच सून न्हाऊन, कवड्याला काखेत घेऊन समोर उभी. कोंबड्याच्या पायावर हळदकुंकू.

"आत्याबाई, नवस फेडायची येळ झाली."

सोजरबाईच्या हातातलं सूप खाली आलं. झालं, मिळाली खोली. ती तिथंच जोत्यावर बसली. नातू रांगत येऊन तिच्या लुगड्याला धरून उभा राहिला, तसा तिला हुंदका आला.

"कवा जायाचं सोलापूरला?"

"कशाला?"

"खोली मिळाली न्हवं?"

सून बघतच राहिली. "मला न्हाय जायाचं कुटं. खोलीचा न्हवता नवस."

"मग कशाचा?"

विजयमालेनं मान खाली घातली. कवड्याची पिसं उगाच नीट करत ती हळूच म्हणाली, "तुमी मला एकदा तरी चांगलं म्हनावं, म्हून बोलले हुते. काल म्हनला की."

जो शब्द सोजरबाईला कुठल्याही दिवशी सहज देता आला असता, त्यासाठी पोर देवाच्या दारी गेली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि आनंदही एवढा झाला की नातवाला उचलून तिनं त्याचे मुके घेतले. मग डोळे पुसून उठली आणि सुनेबरोबर लक्ष्मीआईला गेली.

संध्याकाळी कुंडलिक आल्यावर पानं वाढली. कवड्याचा रस्सा सुनेनं केला होता, मीठ जरा जास्त पडलं होतं. सोजरबाईनं भुरका मारला.

"लई झ्याक झालाय गं विजू," ती म्हणाली.

धोंडीरामाचा घास हातातच राहिला. चुलीजवळ सुनेनं पदर तोंडाला लावला.

"आनि ह्याला कोंबडा बोलू नगंस," सोजरबाई म्हणाली. "ह्ये फुकाट हाय. उद्या बी म्हनंन."