जिथे हात लागतो तिथे

आदल्या दिवशी फडताळाला लावलेला रंग हेदर सकाळी पॉलिश पेपरने घासून काढत होती आणि शेजारची नोरीन आंटी मागच्या दारात उभी राहून ते बघत होती.

“रंग चुकला का गं?” शेवटी तिने विचारलं.

“नाही आंटी. बरोबर आहे.”

“मग काढतेस कशाला?”

“सगळा नाही काढत. कडांवरचा, थोडा थोडा. जुनं दिसायला हवं.”

“जुनंच तर होतं! परवा मी पाहिलं तेव्हा चांगलं जुनं होतं. काल तू ते नवं केलंस, आणि आज परत जुनं करतेस.”

“याला शॅबी शीक म्हणतात. झिजलेलं, पण देखणं.”

नोरीनने हाताची घडी घातली. “झिजलेला तर माझा केनसुद्धा आहे. इतकी वर्षं वाट बघतेय, देखणा काही होत नाही.”

हेदर हसल्यासारखं करून पुन्हा घासू लागली. नोरीन घरी गेली आणि नवऱ्याला, केनला, म्हणाली, “म्यूरिएलच्या पोरीचं काही खरं नाही. आई गेल्याचं मनावर घेतलंय तिने.”

इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या शेरिंगम गावातल्या त्या चिंचोळ्या गल्लीतलं गारगोटीच्या भिंतींचं हे घर म्यूरिएलचं. नोव्हेंबरात ती गेली. मागे राहिली दोन मुलं, थोरला रॉजर आणि हेदर. रॉजर लेस्टरला असायचा. त्याचं म्हणणं सरळ होतं. समुद्रकाठचं बंद घर कुजतं. एक तर ते विकावं, नाहीतर त्याने स्वतःचं पोट स्वतः भरावं. हेदरने मधला मार्ग काढला. उन्हाळ्यात घर सुट्टीवर येणाऱ्यांना द्यायचं आणि उरलेल्या दिवसांत ती नॉर्विचहून येऊन राहणार. अशी घरं भाड्याने देणाऱ्या एका कंपनीच्या बाई जानेवारीत येऊन बघून गेल्या. मिसेस पेलम त्यांचं नाव. त्यांनी दोनच वाक्यं कळवली होती: स्वयंपाकघर अंधारं आहे. घर थकलेलं वाटतं.

“थकलेलं,” रॉजर फोनवर म्हणाला होता. “बाई खोटं नाही बोलल्या.”

“त्या पुन्हा येणार आहेत. मी घर नीट करते.”

“कशाने? आहे काय आपल्याकडे?”

“आहे ते.”

“बरं. त्यांनी घर यादीत घेतलं तर माझं काही म्हणणं नाही. नाही घेतलं तर दुसऱ्या दिवशी विक्रीची पाटी लागेल. मग रडायचं नाही.”

“मी रडत नाही,” हेदर म्हणाली. ते खरंही होतं. नोव्हेंबरापासून तिला ना रडू आलं होतं, ना धड हसू.

आहे ते म्हणजे काय, ते तिने कपाटं उपसून पाहिलं. आईच्या जुन्या सुती चादरी निघाल्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. त्यांचे तिने पडदे शिवले आणि ते फार पांढरे दिसतात म्हणून मोठ्या पातेल्यात चहा उकळून त्यात बुडवले. (“पडद्यांना चहा?” नोरीनने विचारलं होतं. “बिस्किटं देतेस का सोबत?”) कोपऱ्यावर एका घराची दुरुस्ती चालली होती. तिथल्या राडारोड्याच्या डब्यात कपाटाचं एक आरशाचं दार पडलं होतं. तिने गवंड्यांना विचारून ते उचललं आणि त्याचा आरसा केला. रविवारी शेतात भरणाऱ्या, मोटारींच्या डिक्या उघडून जुनंपानं विकणाऱ्यांच्या बाजारातून एक खुर्ची आणली. विकणारा म्हातारा म्हणाला होता, “पाय लंगडा आहे, पण स्वभावाने चांगली आहे.” सोफ्याला गुलाबाच्या फुलांच्या विटक्या कापडाची खोळ घातली. पुढची खोली उजळली. चहात भिजलेल्या पडद्यांतून आत येणारा उजेडसुद्धा जरा मुरलेला वाटायचा.

राहिलं होतं ते फडताळ. स्वयंपाकघराची अख्खी एक भिंत त्याने अडवली होती. खाली दारं, मधे खण, वर ताटल्या उभ्या करायच्या उघड्या फळ्या. हेदरच्या वडिलांनी ते भिंतीतच बसवलं होतं, त्यामुळे हलवायची सोय नव्हती, आणि काळपट तपकिरी व्हार्निशने ते खिडकीतला सगळा उजेड गिळायचं. हेदरने त्याला सायीच्या रंगाचा, खडूसारखा बिनचमकीचा रंग दिला. मग घरसजावटीच्या एका मासिकात दाखवलं होतं तसं सगळ्या कडा, सगळे कोपरे सारखे घासले.

आणि घासून झाल्यावर लांब उभी राहून तिने पाहिलं, तर फडताळ खरूज झाल्यासारखं दिसत होतं. काय चुकलं ते तिला कळेना. मासिकातलं असंच तर होतं. पण मासिकातल्या फडताळाशी तिचं काही नातं नव्हतं, आणि हे फडताळ तिला आता परक्या घरातलं वाटत होतं. मिसेस पेलम उद्या येणार होत्या, आणि त्यांचा निकाल ऐकायला रॉजरही. मेण लावलं की बरं दिसेल, अशी स्वतःची समजूत घालून ती मेण आणि पडद्यांच्या कड्या आणायला बसने क्रोमरला गेली.

दुपारी परतली तेव्हा मागच्या दारात रॉजरची बॅग होती, आणि घरभर टर्पेंटाइनचा वास.

स्वयंपाकघरात नोरीन आंटी उभी होती. शेजारधर्माची किल्ली तिच्याकडे पहिल्यापासूनच असायची. तिच्या हातात बारीक ब्रश होता, नाकावर पांढरा ठिपका, आणि चेहऱ्यावर असं समाधान की बघणाऱ्याला भीती वाटावी.

“बोलू नकोस काही,” ती म्हणाली. “आधी बघ.”

हेदरने पाहिलं. सकाळी घासलेली प्रत्येक कड, प्रत्येक कोपरा, प्रत्येक ओरखडा चकचकीत पांढऱ्या ऑइल पेंटने भरून निघाला होता. सायीच्या रंगावर ती ठिगळं नव्या कवळीसारखी चमकत होती.

“तुझा रंग पुरला नाही ना गं,” नोरीन म्हणाली. “सांगायला लाजलीस. मला कळतं सगळं. केनकडे दाराचा रंग होता अर्धा डबा. म्यूरिएलच्या पोरीचं काम अर्धवट राहायला नको म्हटलं. एक जागा सोडली नाही बघ.”

पलीकडे रॉजर ओट्याला टेकून उभा होता. त्याने तोंडावर हात धरला होता आणि खांदे हलत होते.

“तू होतास इथे?” हेदरने त्याला विचारलं.

“आत्ताच आलो. मला वाटलं हाच तो शॅबी का काय. मी म्हटलं, छान आहे, आंटी.”

हेदरने तोंड उघडलं. दोन कडक शब्द अगदी जिभेवर होते. मग तिला नोरीनच्या नाकावरचा तो ठिपका दिसला, आणि आतून काहीतरी सुटलं. ती खाली फरशीवरच बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली, आणि मग हसू कुठे संपलं आणि दुसरं काय सुरू झालं ते तिलाही कळलं नाही. रॉजरचं हसू थांबलं. नोरीनने ब्रश खाली ठेवला.

“मी घाण केली का गं?” तिने हळूच विचारलं.

“हो आंटी,” हेदर म्हणाली. “मनापासून केलीत, पण घाणच केलीत.”

“मग काढू या. ओला आहे अजून. टर्पेंटाइनने निघेल. रॉजर, तो कोट काढ. लेस्टरला सांगू नकोस कोणाला, पण आज तू काम करणार आहेस.”

त्यांनी चिंध्या घेतल्या आणि तिघांनी मिळून ऑइल पेंट पुसून काढला. मग हेदरने सगळ्या फडताळाला सायीच्या रंगाचा पुन्हा एक पातळ हात दिला. तो लवकर वाळणारा होता. तोवर त्यांनी टोस्ट आणि चीज खाल्लं, आणि नोरीनने केनला आरोळी ठोकून जास्तीचे पॉलिश पेपर मागवले. ते त्याने भिंतीवरूनच दिले. आत यायची त्याची हिंमत नव्हती.

रंग वाळला. नोरीनने पॉलिश पेपर हातात घेतला आणि फडताळासमोर उभी राहिली. आता तिला एकटीने काहीच करायचं नव्हतं.

“सांग. कुठे घासू?”

“जिथे हात लागतो तिथे,” हेदर म्हणाली. मासिकात तसंच लिहिलं होतं.

“कोणाचा?”

मासिकात ते लिहिलेलं नव्हतं.

“कोणाचा म्हणजे?” रॉजर म्हणाला.

“अरे, हात काय हवेत लटकलेले असतात? कोणाचा तरी असणार ना. म्यूरिएलचा धरायचा का?” आणि उत्तराची वाट न बघता नोरीन चहाच्या खणाकडे गेली. मुठीच्या उजवीकडे नाही, डावीकडे. तिने तिथे घासायला सुरुवात केली. “डावरी होती ना ती. खण असा तिरका ओढायची. दर वेळी करकरायचा. मी म्हणायची, अगं, दोन्ही हातांनी ओढ. तर म्हणायची, दुसऱ्या हातात कप आहे.”

रंगाखालून जुनं तपकिरी लाकूड वर आलं. अंगठ्याएवढी जागा होती, मुठीच्या डावीकडे. आणि फडताळ एकदम ओळखीचं झालं.

हेदर पुढे झाली. तिने दुसरा कागद घेतला. वरून तिसऱ्या फळीची कड घासली, मधोमध, जिथे म्यूरिएल पाठदुखीच्या दिवसांत तळहात टेकून उभी राहायची आणि किटली उकळायची वाट बघायची. पावाच्या डब्यासमोरची जागा घासली. कोपरे घासले नाहीत. कोपऱ्यांना आईने कधीच हात लावला नव्हता.

“आणि खालचं दार,” रॉजर म्हणाला. त्याचा आवाज जरा बसला होता. “मधलं. ते हाताने नाही.”

“मग कशाने?”

“पायाने. हातात भांडी असायची. ती बंद करायची पायाने, आणि मी केलं की ओरडायची, दारं हाताने लावतात, गुरासारखी नाही.”

“आणि तू म्हणायचास, मग तू?” हेदर म्हणाली.

“आणि ती म्हणायची, माझं दार आहे.”

तो गुडघ्यांवर बसला, चांगल्या विजारीत. दार उघडं धरून त्याने पायातला बूट काढून अंदाजाने लावून पाहिला, मग थोडं खाली. “एवढं उंच नाही. ती बुटकी होती,” नोरीन म्हणाली. “आणि चपलेच्या बाजूने. असं.” रॉजर तिथे घासत राहिला. खूप वेळ, गरजेपेक्षा जास्त. कोणी त्याला थांब म्हटलं नाही.

मिसेस पेलम सकाळी आल्या. उंच, नीटनेटक्या, हातात फाइल. त्यांनी धूर झाला की वाजणारी घंटा वाजवून पाहिली, गाद्या दाबून पाहिल्या, खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलं आणि बोट बघितलं. पुढच्या खोलीत पडद्याची किनार हातात धरून थांबल्या.

“हा रंग कुठे मिळाला?”

“चहाच्या पातेल्यात,” नोरीन म्हणाली. तिला कोणी बोलावलं नव्हतं, पण ती आली होती. ठेवणीतला कोट घालून.

मिसेस पेलम हसल्या नाहीत. रॉजर खिडकीबाहेर बघत होता.

स्वयंपाकघरात आल्यावर त्या दारातच उभ्या राहिल्या. खिडकीतला उजेड फडताळावर पडला होता आणि तिथून खोलीभर परत येत होता. फळ्यांवर म्यूरिएलच्या निळ्या ताटल्या होत्या, एकीची दुसरीशी जोडी नसलेल्या. दारामागच्या खुंटीवर तिचं एप्रन होतं.

“घरातल्या वैयक्तिक वस्तू आम्ही काढून ठेवायला सांगतो,” मिसेस पेलम म्हणाल्या.

“ते घराचं आहे,” हेदर म्हणाली.

बाईंनी एप्रनकडे पाहिलं, मग हेदरकडे. काही लिहिलं नाही. हेदरने त्यांच्या हातात चहाचा कप दिला. एका हातात फाइल, दुसऱ्यात कप, अशाच त्या फडताळापाशी गेल्या. पाहुण्यांसाठी भांडी पुरेशी आहेत का ते त्यांना बघायचं होतं. फाइल काखेत मारून, मोकळ्या झालेल्या बोटांनी त्यांनी खालचं मधलं दार उघडलं, वाकून आत बघितलं, पातेली मोजली, फाइल परत हातात घेतली. मग सरळ उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात अडकलेले म्हणून, न बघता, बुटाच्या बाजूने दार लोटलं.

खट्‌ असा आवाज झाला. बूट बरोबर त्या झिजलेल्या जागेवर पडला होता.

तिघांच्याही नजरा त्या दाराकडे वळल्या.

“अय्या, माफ करा हं,” मिसेस पेलम म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज माणसासारखा आला. “पायाने लोटलं मी. घरी पण हेच करते. वाईट सवय.”

“नाही, नाही,” रॉजर म्हणाला. “ते तसंच लावायचं असतं.”

त्यांनी खाली पाहिलं. ती जागा त्यांना आत्ता दिसली. मग चहाच्या खणाच्या मुठीकडे पाहिलं, मग तिसऱ्या फळीच्या कडेकडे. कप खाली ठेवून त्यांनी तळहात त्या कडेवर टेकवला, जरा वेळ. पाठ दुखत असावी.

“मी आठवड्याला अशी कितीतरी घरं बघते,” त्या म्हणाल्या. “सगळीकडे हाच रंग, हेच घासलेले कोपरे. कंटाळा येतो.” मग फाइल उघडून त्यांनी पेनाचं टोपण काढलं. “उन्हाळ्याच्या यादीत घेते मी हे. फोटो पुढच्या आठवड्यात. लंगड्या खुर्चीचा पाय तेवढा करून घ्या, कोणी पडलं तर माझ्या डोक्याला ताप.”

नोरीनने हेदरचा दंड एवढ्या जोरात दाबला की वळ उठला. रॉजर अंगणात गेला. घरं विकणाऱ्या एजंटाशी तो फोनवर बोलत होता, त्याचा आवाज उघड्या दारातून आत येत होता. “हो, पाटी नको. नाही, पुढे ढकलायची नाही, नकोच आहे. अहो, विकायचं नाहीये, किती वेळा सांगू?” ते शेवटचं वाक्य तो गरजेपेक्षा मोठ्याने बोलला. गल्लीत ऐकू जावं इतकं.

मिसेस पेलम गेल्या. रॉजर आत आला, आणि तिघं फडताळासमोर नुसतीच उभी राहिली. उन्हात ते मऊ दिसत होतं, सायीसारखं, आणि चार-पाच जागी खालचं जुनं लाकूड डोकावत होतं.

नोरीन पुढे वाकली. खालच्या मधल्या दारावर, झिजलेल्या जागेच्या अगदी कडेला, मिसेस पेलम यांच्या बुटाचा काळा डाग पडला होता. तिने कोटाच्या खिशातून रुमाल काढला, त्याला थुंकी लावली.

“पुसू का?”

“नको!” हेदर आणि रॉजर एकदमच ओरडले.

नोरीन दचकून मागे झाली. दोघांकडे बघत रुमाल खिशात ठेवून म्हणाली, “अगदी म्यूरिएलसारखे ओरडता दोघं.”