आधी यांची पिन

बाटलीतले बुडबुडे… एक फुटतो, दुसरा चढतो, घाई नाही. ऑक्सिजनच्या मशीनमधली हवा त्या पाण्यातून नळीत, नळीतून नाकात. उशांना टेकलेले यशवंतराव त्या बुडबुड्यांकडे असे बघत होते, जसे मालधक्क्यावर नोकरीत असताना हमालांकडे बघायचे : ओझं खरंच कोण उचलतो आणि नुसता हात कोण लावतो. बुडबुडे कामचुकार नव्हते.

खिडकीबाहेर गुढियारी मोहल्ल्याचं आभाळ भरदुपारी तांबूस झालेलं. वैशाखातलं वादळ, कालही आलं होतं. राजधानी झाल्यापासून शहराचं सगळं वाढलं, मग वादळांनी तरी मागे का राहावं?

घरी येऊन तपासणारी नर्स, चेतना, त्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून बसली होती. मराठी घरातली पोट्टी, पण बोलणार हिंदीत.

"काका, आँधी में लाइट गई तो काकी को सिलेंडर खोलना आता है ना?"

"तिले सगळं येते."

साफ खोटं. कोपऱ्यातल्या सिलेंडरवर मीराबाईनं क्रोशाचं कव्हर चढवलं होतं, धूळ बसू नये म्हणून. आणि काल… काल पहिला कडकडाट झाला तशी ती स्वयंपाकघरातून धावत आली, पिठाच्या हातानं भिंतीवरच्या बोर्डातून मशीनची पिन ओढली — मशीन किंचाळलं, गप्प झालं — आणि त्यांच्या पायांचे तळवे घट्ट धरून बसली. वर्ध्याकडे माहेरी, वादळात विहिरीवरच्या मोटारीला हात लावलेली तिची धाकटी बहीण तिच्या डोळ्यांदेखत विजेनं गेली होती. तेव्हापासून आभाळ गरजलं की घरातली प्रत्येक पिन बाहेर. यशवंतरावांनी जन्मभर त्यावरून तिची टर उडवली. आता तीच वायर नवऱ्याच्या नाकापर्यंत आलेली. तिला दिसत होतं ते एवढंच. नळी प्लास्टिकची आहे, तिच्यातून करंट येत नाही, हे एक वाक्य पुरलं असतं. पण छातीत हवा मावेना, बोलायला दम नव्हता… आणि वादळ सरून तिनं पिन लावल्यावर, दम आल्यावर? तेव्हाही आपण बोललो नाही. तिच्या चेहऱ्यावर, वाचवलं बाई यांना, असं काहीतरी होतं. आणि आपल्याला वाचवायला आजवर कोण धावलं? सचिन पुण्याहून फोन करतो, आधी मशीनची तब्येत विचारतो, मग बापाची.

मीराबाई चहा घेऊन आली. चेतनाचा प्रश्न तिनं ऐकला होता, म्हणाली,

"लाइटचं सोड वं पोरी. वीज चमकली की मीच पिन काढून टाकतो ना. आधी यांची. टीव्ही-फ्रिज मागून."

चेतनाचा कप ओठांपाशीच थांबला. "मशीन की? काकी!" मग तिनं यशवंतरावांकडे पाहिलं. "आपको मालूम था?"

"मीच सांगितलं होतं तिले," ते म्हणाले.

मीराबाई त्यांच्याकडे बघत राहिली. एवढं धडधडीत खोटं हा माणूस आपल्यासाठी बोलतो, म्हणजे काल आपल्या हातून काय झालं, हे तिला पोरीच्या चेहऱ्यावरून नव्हे, त्या खोट्यावरून कळलं.

चेतनानं कव्हर काढलं, नळी कशी बदलायची ते दाखवलं, चावी तिच्या हातात दिली. "प्लग नहीं निकालना, काकी. नळी प्लास्टिक है, कुछ नहीं होता. लाइट गई तो ये घुमाना, बस." मीराबाईनं चावी फिरवली, फुस्स झालं. वादळाआधी घरी पोचायला चेतना निघून गेली.

"काहून नाही बोलले काल? जीव जात होता न तुमचा?"

"नाही वं. थोडासाच."

ती हसली नाही. बोर्ड आणि सिलेंडर यांच्या मधोमध उभी राहिली, दोन्ही हात पदरात गुंडाळून — जणू ते हात कुणा दुसऱ्याचे होते, त्यांच्यावर लक्ष ठेवायला हवं होतं. आणि यशवंतरावांना, माणसं पारखण्यात मुरलेल्या माणसाला, आत्ता कुठे दिसलं : काल काही झालं असतं तर ते सुटले असते. तिला मात्र बहिणीमागून आणखी एक… आणि तेही स्वतःच्या हातानं. तिच्या मऊ हातांच्या सुखात हे त्यांनी हिशेबात धरलंच नव्हतं.

"इकडं ये. माझ्यापाशी बस. पिन राहू दे."

ती आली नाही, बोर्डाकडेही गेली नाही. दूर कुठेतरी अभनपूरच्या अंगाला आभाळ गुरगुरलं, आणि तिच्याआधी तेच दचकले.