पुलावरचा सैल पत्रा

नव्या पुलाला अख्ख्या गावात विरोध करणारा एकच माणूस निघाला, तो म्हणजे टेलरकाका. बैठकीला नदीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या, दोन्ही गावांचे लोक एका खोलीत बसले होते, हेच मुळात नवल. एरवी खुर्च्या कोणी मांडायच्या यावरूनही त्यांचं वाजायचं. पण पूल नवा हवा यावर सगळ्यांचं एकमत. एकटे काका नन्नाचा पाढा लावून बसले.

"जुन्या पुलाला काय धाड भरलीये?" ते म्हणाले.

"काका, कठडा नदीत पडला की मागच्या आठवड्यात," बैठकीचे अध्यक्ष म्हणाले.

"पडला ना एकदाचा? आता परत थोडाच पडणार आहे."

लोक पोट धरून हसले. म्हाताऱ्याचा जीव अडकलाय जुन्या पुलात, असं म्हणून त्यांनी विषय सोडला. जीव अडकला होता खरा, पण पुलात नाही. पुलावरच्या एका सैल पत्र्यात.

त्याचं असं झालं होतं. मागे एकदा शिवताना काकांच्या बोटातून सुई आरपार गेली. लेक पलीकडच्या दवाखान्यात नर्स. दिवसभर लोकांच्या जखमा बांधते, पण बापाचं रक्त बघून तिचाच धीर सुटला. रागाच्या भरात बोलून गेली, "बाबा, परत मशीनला हात लावलात तर त्याच दिवशी ते भंगारात देईन." लेक बोलली की करते, हे काकांना पक्कं ठाऊक, कारण हा हट्टीपणा तिने त्यांच्याचकडून उचलला होता. काकांनी मुकाट्याने मशीनवर चादर घातली. चार दिवस कसेबसे काढले. मग हात असे शिवशिवायला लागले की जेवण गोड लागेना. जन्मभर मशीनशी गप्पा मारत आलेल्या माणसाने रिकाम्या खोलीत भिंतीशी काय बोलायचं?

मग सुरू झाला चोरीचा मामला. लेक सकाळी स्कूटरवरून कामाला गेली की चादर निघायची. गल्लीतल्या बायका मागच्या दाराने कापड आणून द्यायच्या. संध्याकाळी लेक परतताना पुलावरचा तो पत्रा 'खडांग' वाजायचा, आणि नदीकाठच्या खोलीत काकांना स्वच्छ ऐकू यायचा. लगेच चिंध्या पलंगाखाली, चादर मशीनवर, वर्तमानपत्र हातात. लेक दारात येईपर्यंत काका असे गुंग की मान वर करायला फुरसत नाही. बाकी दिवसभर तो पत्रा का वाजत नाही, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

आणि आता पूल होणार सिमेंटचा, गुळगुळीत. बघताबघता तो शेजारी उभाही राहिला. जुना पूल बंद व्हायच्या आदल्या दिवशी काकांनी मुकादमाला पुलाच्या तोंडाशी गाठलं.

"एक काम होतं," इकडेतिकडे बघत ते म्हणाले. "नव्या पुलात एखादा पत्रा घाला की. जरा सैलसा."

मुकादमाने टोपी काढून डोकं खाजवलं. "काका, तब्येत बरी आहे ना?"

"त्याचा आवाज यायचा हो. बरं वाटायचं."

"कसला आवाज? टायर फाटेल म्हणून सगळे त्याला वळसा घालून जातात. त्याच्यावरून जाते एकच स्कूटर, नर्सबाईंची. मी कितीदा सांगितलं, बाई, कडेने घ्या, चांगली जागा आहे. तर म्हणतात, असू द्या, घरी वर्दी पोचायला हवी. सकाळी बरोबर कडेने जातात, संध्याकाळी बरोबर पत्र्यावरून. आता याला काय म्हणावं?"

काका कठड्याला टेकायला गेले आणि कठडा नाही हे ऐनवेळी आठवलं. म्हणजे चोर आपण, आणि पहारा देत होती लेक. आधी त्यांना रागच आला. या वयात रोज केवढी पळापळ करायला लावली कार्टीने! मग घराकडे चालता चालता इतकी माया दाटून आली की वाटेत थांबून डोळे पुसावे लागले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नव्या पुलावरून हॉर्न वाजला. लांबलचक. थोड्या वेळाने पुन्हा. काका जागचे हलले नाहीत. चादर पायाशी पडलेली, चिंध्या खोलीभर, मशीन सुरू.

लेक बाहेर स्कूटर लावत उगाच घुटमळली, मग दारात येऊन थबकली.

"बाबा, हॉर्न ऐकू नाही आला?"

"आला की. दोनदा आला."

"मग?"

"मग काय? म्हाताऱ्या माणसाने रोज किती पळायचं?"

लेकीने मशीनकडे पाहिलं, मग बापाच्या बोटांकडे. काकांनी मशीन थांबवलं. पत्रा वाजवणं वेगळं आणि दिलेला शब्द वेगळा, आणि ही पोरगी शब्दाची पक्की.

"तुझ्या कोटाची बाही उसवलीये," ते हळूच म्हणाले. "कधीची बघतोय. बोलायची सोय नव्हती."

लेकीने पांढरा कोट काढून त्यांच्या मांडीवर टाकला. स्टूल ओढून शेजारी बसली आणि सुईतला निळा दोरा ओढून काढला.

"दोरा मी ओवणार," ती म्हणाली. "आणि बोट सुईजवळ दिसलं तर मशीन भंगारात."

"बरं," काका म्हणाले, आणि त्यांनी दिवा तिच्या बाजूला वळवला.