वीस इंची लाकडं

फायरप्लेसमध्ये लाकडावर चालणारा बंद स्टोव्ह बसवायचा होता, म्हणून मार्नी पुन्हा आत डोकं घालून मोजू लागली. काल तिने फक्त दर्शनी बाजू मोजली होती. पण मागे जागा निमुळती होत गेली होती. आत मावेल असा एकच स्टोव्ह निघाला, आणि त्यात सोळा इंचांपेक्षा लांब लाकूड जात नव्हतं.

बाहेर मात्र तिच्या बाबांनी उन्हाळाभर कापून रचलेली लाकडं होती, सगळी वीस इंची. नंतर त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि मार्नीने करवत लपवून ठेवली. आता हे त्यांना कसं सांगायचं? ती नुसत्या येरझाऱ्या घालत होती.

"फरशी झिजेल गं," बाबा खुर्चीतून म्हणाले. "काय झालं ते सांग."

तिने भीतभीत सांगून टाकलं.

"म्हणजे सगळी परत कापायची?" बाबा ताडकन उठले. कित्येक आठवड्यांत त्यांचा चेहरा असा खुलला नव्हता. "करवत कुठे आहे?"

"कापणार मी. तुम्ही फक्त खडूने खुणा करायच्या."

"तू कापणार? मग बर्फ पडला तरी काम संपायचं नाही, आपण गारठूनच बसू!" असं म्हणत ते खडू शोधायला निघालेसुद्धा. मार्नी त्यांच्यामागे धावली. करवत खडूच्याच कपाटात होती.