बांगडीवरची परीक्षा

हिंगोलीत हेडफोनच्या शौकिनांची बैठक भरते असं हिंगोलीच्याच माणसाला सांगितलं, तर तो आधी हसतो आणि मग विचारतो, "म्हंजे मोबाईलसंगं भेटतात ते?" त्याला समजावून सांगण्यात अर्थ नसतो. एका हेडफोनसाठी माणूस दोन-दोन दिवाळ्या नवा कपडा घेत नाही, हे कळायला स्वतःलाच ते खूळ लागावं लागतं. हौसेला मोल नसतं म्हणतात. अक्कलही नसते, एवढं फक्त म्हणत नाहीत.

दर महिन्याला एका रविवारी दुपारी ही खुळी माणसं साजीदच्या माडीवर जमायची. साजीदचा धंदा लग्नात साउंड लावण्याचा. त्याचे स्पीकरचे डबे वाजले की गल्लीतली भांडी फळीवर नाचत. तोच साजीद रविवारी माडीवर बारीक आवाजात सारंगी ऐकत बसायचा आणि खालून कुणी हॉर्न वाजवला की शिव्या घालायचा. दुसऱ्या अंजली मॅडम, दातांच्या डॉक्टर. आठवडाभर कानात ड्रिल घुमलेलं असायचं. तिसरे ज्ञानबा, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. आणि चौथा अंगद, मोंढ्यात आडत्याकडे हळदीचा लिलाव पुकारणारा. अंगदचा पुकारा मोंढ्याच्या फाटकाबाहेर रिक्षावाल्यांना ऐकू जाई. संध्याकाळी घसा इतका बसलेला असायचा की घरी तो जवळजवळ पुटपुटायचाच. पस्तिशी ओलांडली होती, लग्न जमत नव्हतं. वडील गेल्यावर त्याने डोंगरकडा या गावाहून आईला, द्वारकाबाईला, हिंगोलीला आणलं होतं. घरात दोघंच.

बैठकीचा एक रिवाज होता. दोन ॲम्प्लिफायर तुलनेला आले की साजीद ते टेबलावर मांडून त्यांच्यावर बायकोची, आयेशाची, जुनी ओढणी टाकायचा. दोन्हींचा आवाज मीटर लावून बरोबर सारखा करायचा, कारण किंचित मोठा वाजणारा कानाला नेहमी गोडच लागतो. मग एकाने डोळे मिटून हेडफोन लावायचे, साजीदने ओढणीखालून बटण फिरवायचं आणि ऐकणाऱ्याने फक्त 'एक' किंवा 'दोन' म्हणायचं. ज्याचा ॲम्प पडला त्याने खालच्या गाड्यावरून भजी आणायची.

आणि परीक्षेला गाणं कुठलं? तर अंगदचं.

म्हणजे अंगदच्या आईचं. द्वारकाबाई आणि शेजारच्या पारुबाई लग्नातल्या हळदीची गाणी म्हणत. अंगदने खोलीत चारी बाजूंनी गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, दोन चांगले माइक लावले आणि घामाघूम झालेल्या दोन बायांकडून एक गाणं रेकॉर्ड करून घेतलं. गाण्याच्या आधी एक बांगडी वाजते. डावीकडून निघते, मधोमध येते आणि थांबते. मग द्वारकाबाई गायला लागते. अंगदने पुढचं-मागचं सगळं कापून, बांगडीपासून सुरू होणारा तुकडा ठेवला होता. ज्या ॲम्पवर ती बांगडी प्लास्टिकची वाटेल तो नापास, काचेची वाटेल तो पास. मोठमोठे ॲम्प त्या बांगडीपुढे पडले होते.

"आईला तकलीफ न्हाई होत का तुझ्या या नादाची?" ज्ञानबांनी एकदा विचारलं होतं. त्यांच्या बायकोने, बेबीबाईने, त्यांचे हेडफोन विहिरीत टाकायची धमकी दिली होती.

"आईला? लई कौतुक तिला," अंगद म्हणाला होता. "मी घरी आलो की सोता हेडफोन आणून हातात देती. घाल म्हणती."

"नशीबवान हायेस."

"आणि घातल्यावर ह्यो भोंग्यावानी ओरडतो, ते?" साजीद म्हणाला आणि सगळे हसले. ते खरंच होतं. अंगदला बंद कपांचे हेडफोन आवडायचे, आणि ते कानावर असले की माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. माडीवर अंगदने हेडफोन लावून चहा मागितला की खालचा भजीवाला वर बघायचा.

तर त्या रविवारी अंजली मॅडमनी पुण्याहून नवा ॲम्प आणला होता. साजीदने स्वतः बनवलेला, जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प त्याच्यासमोर उभा होता. साजीदने त्यासाठी महिनोन् महिने घालवले होते आणि तो सकाळपासून दाढी खाजवत फिरत होता. निकाल अंगद देणार होता, कारण कानाचा पक्का म्हणून सगळे त्यालाच मानत. तो स्वतःही मानायचा.

निघताना घरी थोडं वाजलं होतं. गॅसवर दूध होतं. अंगद आतल्या खोलीत वायरी गुंडाळत होता. "आई, दूध बघ," म्हणाला. पुन्हा म्हणाला. दूध ओट्यावरून खाली आलं. "लक्ष कुठं असतं गं तुझं?" तो बाहेर येऊन करवादला. द्वारकाबाईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग ओट्याकडे, आणि फडकं घेतलं. त्या गडबडीत त्याने खिशात घातला तो दुसराच पेनड्राइव्ह. कापलेल्या तुकड्याचा नाही, अख्ख्या रेकॉर्डिंगचा.

"आज पूरा आणला का?" साजीदने फाईल बघून विचारलं.

"असू दे. लाव पहिल्यापासून."

अंगदने हेडफोन चढवले, डोळे मिटले. गोधड्यांनी दबलेली खोली कानात उभी राहिली. मग कुणीतरी पुटपुटलं, 'आई, कर सुरू.' त्याला क्षणभर हसू आलं. आपला आवाज घरी इतका बारीक असतो? मग काहीच नाही. भिंतीवरचं घड्याळ. पुन्हा तोच आवाज, 'आई.' पुन्हा घड्याळ. आणि मग ती बांगडी. डावीकडून निघाली. डावीकडे पारुबाई बसली होती. मधोमध आली. मधे आई होती. थांबली ती कशावर तरी हलकेच आपटून, लुगड्याच्या पदराखालच्या खांद्यावर आपटावी तशी. लगेच आई गायला लागली.

दुसऱ्या ओळीला पारुबाईला ठसका लागला. गाणं थांबलं. 'आई, परत एकदा,' पुटपुटणारा म्हणाला. घड्याळ. बांगडी. खांदा. गाणं.

अंगदने डोळे उघडले नाहीत. बोटानेच खूण केली, मागे घे.

"भाऊ आज लई बारीक ऐकून राहिले," ज्ञानबा कुजबुजले. साजीदने मागे घेतलं. अंगदने पुन्हा ऐकलं. मग बटण फिरवायची खूण केली आणि दुसऱ्या ॲम्पवर ऐकलं. साजीद ओढणीची कड मुठीत धरून उभा होता. दोन्ही ॲम्प एकच सांगत होते. मुलगा हाक मारतो, आई हलत नाही. शेजारीण हात लावते, मग आईला कळतं. बांगडी काचेची होती यात काही शंका नव्हती.

"एक का दोन?" साजीदने न राहवून विचारलं.

अंगदने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. "माझ्या आईला ऐकू येत न्हाई," तो म्हणाला.

"आरं आईचं काहून? ॲम्पचं बोल की," ज्ञानबा हसले. मग त्यांनी अंगदचा चेहरा पाहिला आणि हसू तसंच अर्धं ठेवलं.

अंजली मॅडमनी हेडफोन घेऊन सुरुवात ऐकली. एकदाच. त्यांना दुसऱ्यांदा ऐकायची गरज पडली नाही. "उद्याच कानाच्या डॉक्टरांना दाखवा. माझ्या ओळखीचे आहेत, मी फोन करते," त्या म्हणाल्या. आणि मग, बहुतेक नकळत, "आपण सगळ्यांनीच किती वेळा ऐकली ही बांगडी."

"होता है भाऊ," साजीद म्हणाला. त्याने ओढणी सोडून दिली होती. "घर की चीज़ है, रोज़ की. ध्यान नहीं जाता."

सगळे बऱ्यासाठीच बोलत होते आणि अंगदला एकही शब्द सोसवत नव्हता. तो उठला, पेनड्राइव्हही न घेता जिना उतरला. ज्ञानबा मागून काहीतरी म्हणाले. त्याने ऐकून घेतलं नाही.

गाडीवर बसल्यावर एकेक गोष्ट त्याच्या अंगावर यायला लागली. कुकरच्या शिट्ट्या होत राहायच्या आणि तो चिडून स्वतः उठायचा. बेल वाजली तरी ती कधीच दार उघडायची नाही. म्हातारपणात आळस भरलाय, तो मनात म्हणायचा. मनातच कशाला, दोनदा तिच्या तोंडावर म्हणाला होता. मावशीचा फोन आला की ती मोबाईल त्याच्या हातात द्यायची, 'तूच बोल' म्हणायची. तिचं बहिणीशी वाकडं आलंय असं त्याने ठरवून टाकलं होतं. सकाळचं दूध आठवलं, आणि फडकं घ्यायच्या आधी तिने आपल्या तोंडाकडे टाकलेली नजर. ती रागाची नव्हती, ओठ काय म्हणाले ते शोधणारी होती. मोंढ्याच्या बंद फाटकापाशी त्याने गाडी थांबवली, कारण डोळ्यांपुढचं नीट दिसेना. दोन तारांच्या आवाजातला फरक सांगणारा माणूस तो. त्याला स्वतःची शिसारी आली. लाज वाटते म्हणतात ते फार सौम्य झालं.

घरी दार लोटलेलं होतं. द्वारकाबाई पाठमोरी बसून तुरीची डाळ निवडत होती. उंबऱ्यातून अंगद नेहमीच्या आवाजात म्हणाला, "आई."

ती सुपातले खडे वेचत राहिली.

तो दोन पावलं आत आला. "आई." एकदा वळ, त्याने मनात विनवलं. एकदा वळलीस तर सगळं खोटं ठरेल, मी साजीदला पोतंभर भजी खाऊ घालीन. त्याची सावली सुपात पडली तेव्हा ती दचकली.

"आला का? इतक्या लवकर?" तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "काय झालं रे? तोंड काहून असं?"

त्याचे ओठ हलले असतील. ती गुडघ्यावर हात देऊन उठली, आत गेली आणि खुंटीवरचे त्याचे मोठे बंद कपांचे हेडफोन घेऊन आली. पदराने पुसले आणि त्याच्यापुढे धरले.

"घाल."

त्याने मान हलवली. नको.

"घाल की. हे घातलं की बोलतोस तू माझ्याशी."

त्याने बोट स्वतःकडे वळवलं. मी?

"व्हय तर," ती म्हणाली. "हे कानाला असलं की चहा दे म्हणतोस, भाजी चांगली झाली म्हणतोस. एकडाव मोंढ्यातली सारी गंमत सांगितली, आठवतं का? काढलं की नुस्तं तोंड हालतं तुझं. मला वाटलं, लेकरू दिवसभर बोलून थकून येतं, घरी म्हातारीसंगं काय बोलावं. एखाद्याचं न्हाई मन लागत. त्याला कोण काय करणार?" तिने हेडफोन आणखी पुढे केले. "म्हणून मीच आणून देते. तेवढंच दोन शब्द."

मित्रांना त्याने हे कौतुक म्हणून सांगितलं होतं.

तिला अजून ठाऊकच नव्हतं की आपल्या कानांना काही झालंय. घर गप्प झालं ते तिने मुलाच्या मर्जीवर घातलं होतं, आणि रागही धरला नव्हता. अंगदला वाटलं, तिने धरला असता तर बरं झालं असतं. तो तिच्यापुढे फरशीवर बसला. मग तिनेच वाकून ते हेडफोन त्याच्या कानांवर बसवले, लहानपणी कानटोपी घालायची तसे. वायर कशालाच लावलेली नव्हती, खाली लोंबत होती. त्यात गाणं नव्हतं की काही नव्हतं. फक्त कान बंद झाले, आणि बाहेरचं सगळं तिला ऐकू येत असेल तसं दूर गेलं.

"आई," तो म्हणाला. तिचा चेहरा तसाच राहिला. मग त्याने छाती भरून घेतली आणि मोंढ्यातला आवाज काढला.

"आई! तू जेवलीस का?"

पलीकडे पारुबाईच्या घरात भांडं पडलं. द्वारकाबाईच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. ती सूप बाजूला सारून जवळ सरकली.

"जेवले की," ती म्हणाली. "हळू बोल रे बाबा, गल्ली ऐकून राहिली."