साठाव्या वर्षीचा चेहरा

केराबाईने पदराने भुवया पुसल्या. टॉवेलांचा कापूस दुपारपर्यंत शिलाई खात्यातल्या सगळ्याच बायकांच्या भुवयांवर आणि केसांवर येऊन बसायचा.

"नीट पुसा, मावशी. नाहीतर मोबाइल तुम्हाला थेट नव्वदीची करील," दानेश्वरी म्हणाली.

"करू दे की. न्हाईतरी त्या सुपरवायझरनं म्हातारी केलीच हाय मला."

मागे उभ्या असलेल्या गुरम्मा आणि धनलक्ष्मी फिसकन हसल्या. दानेश्वरीने केराबाईला खिडकीच्या उजेडात उभं केलं आणि फोटो काढला.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या या कारखान्यात नवीन योजना आली होती. पगारातून दरमहा थोडी रक्कम कापायची, तितकीच कंपनी घालणार, साठाव्या वर्षी सगळी परत. मध्ये दवाखाना निघाला तर विम्याचा आधार. योजना वाईट नव्हती. ऑफिसात कामगारांचं बघणाऱ्या दानेश्वरीने ती पुन्हा पुन्हा वाचून पाहिली होती, आणि घरी सासूबाईंनाही समजावून सांगितली होती. पण शिलाई खात्यातून एकही सही येत नव्हती, कारण केराबाई नको म्हणाली होती.

"माझी पिंशन तितं सांगोल्यात चरतीया," तिने पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं होतं. महिन्याला जे काही शिल्लक राही ते ती भावाकडे, गुंडाकडे धाडायची. तो तिच्या नावाने शेळ्या पाळायचा. "नड आली की एक इकायची. साठीपतूर थांब, असं शेळी म्हनत न्हाय."

उन्हाळ्यात त्यातल्या दोन शेळ्या रोगाने गेल्या होत्या. तेही तिनेच सांगितलं होतं, मान खाली घालून. तरीही ती नको म्हणाली होती.

मग कंपनीने नेमलेले पुण्याचे सल्लागार व्हिडिओ कॉलवर आले. आकडे दाखवून माणूस हलत नाही, ते म्हणाले, त्याला त्याचं म्हातारपण दाखवा. 'नको' म्हणायची सोय ठेवायलाच लागते, पण ती फॉर्मच्या शेवटच्या पानावर असू द्या. कारखान्याचे मॅनेजर सोमलिंग सर यांनी मान डोलावली. चेहरा म्हातारा करून दाखवणारं ॲप दानेश्वरीनेच शोधून काढलं. "पोरगी हुशार आहे," असं सर सगळ्यांसमोर म्हणाले तेव्हा तिला बरंही वाटलं होतं.

मोबाइलवरचा चेहरा हळूहळू बदलला. केस पांढरे झाले, गाल आत गेले, डोळ्यांखालची कातडी ओघळली. दानेश्वरीने मोबाइल केराबाईच्या हातात दिला आणि तिच्या हसण्याची वाट पाहिली. बाकीच्या सगळ्या हसल्या होत्या, एक जण थोडी घाबरलीही होती.

केराबाई हसली नाही. तिने एक बोट पडद्यावरच्या गालाला लावलं. चेहरा एकदम मोठा झाला, तसा तिने हात झटकन मागे घेतला.

"ही आय हाय माझी."

गुरम्मा आणि धनलक्ष्मी पुढे येऊन पडद्यावर वाकल्या.

"जलमभर मेंढरांमागं फिरली. कोन तिचा फोटू काढनार? डोळ्याम्होरं आनाय गेलं की लुगडं दिसायचं, हात दिसायचं. तोंडच दिसत न्हवतं." तिने मोबाइल छातीशी धरला होता. "सई कुटं करायची, मॅडम?"

"सही?"

"करती की. पर ह्यो मला कागदावर काडून द्या."

"मावशी, तुम्ही तर नको म्हणाला होतात."

"म्हनलं हुतं. आता द्या की पेन."

सोमलिंग सर केबिनमधून बाहेर आले होते. "अगं, दे की त्यांना पेन. बघत काय बसलीस!"

पेन दानेश्वरीच्या हातातच होतं. तिने ते खिशात ठेवलं.

"प्रिंटरची शाई संपलीय, सर. फोटो उद्याच देता येईल. सहीपण उद्याच घेऊ."

शाई तिने त्याच सकाळी भरली होती.

संध्याकाळी घरी दानेश्वरी आपल्या लहानग्या विरेशला भरवायला बसली. मोबाइलवर हत्ती नाचत होता आणि विरेशचं तोंड आपोआप उघडत होतं. चमच्यात काय आहे, याच्याकडे त्याचं लक्षही नव्हतं. एरवी त्याला भोपळा चालायचा नाही. आज वाटी भराभर रिकामी होत होती.

"शहाणं माझं बाळ," सासूबाई नीलम्मा कौतुकाने म्हणाल्या. "बघ की, कसं गपगुमान खातंय."

दानेश्वरीने मोबाइल पालथा ठेवला. विरेशचं तोंड मिटलं. त्याने चमच्यात पाहिलं, मग आईकडे.

"आता काय झालं गं? खात होतं की!"

"काही नाही, अत्ती."

चमचा तसाच धरून ती थांबली. बराच वेळ गेला. विरेशने एक फोड हातात घेतली, चुरडली, चाटून पाहिली आणि थुंकून टाकली. अर्धी वाटी तशीच राहिली. रात्री त्याला भूक लागेल का, ही काळजी मात्र तिला अंथरुणावर पडेपर्यंत सुटली नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या दारापासून थेट जिन्यापर्यंत बायकांची रांग लागली. फोटोत आपली आई दिसते, हे केराबाईने कालच बसस्टॉपवर सगळ्यांना सांगितलं होतं.

सोमलिंग सर खूश होते. "बघितलंस? आजच सगळ्या सह्या उरकून टाक. तुला कायम करायचं मी वर बोलतोच."

"हो, सर."

मग तिने फॉर्मचं टेबल उचललं आणि ओढत ओढत जिन्याखाली नेलं. मागोमाग खुर्ची नेली.

"अगं, तिकडे कशाला? इथं फोटो, इथंच सही. एका दमात काम."

"गर्दी होते, सर." आणि मग सगळ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ती म्हणाली, "फोटोला सही लागत नाही. योजनेचं टेबल तिकडे आहे. सही नाही केली तरी फोटो मिळणार."

"फुकट?" गुरम्माने विचारलं.

"फुकट."

"मग माझी आई काढा बघू. पण तिचं नाक असं नव्हतं हां, मॅडम. नाक मी बापाचं घेतलंय."

धनलक्ष्मीने आपला फोटो उलटा-सुलटा करून पाहिला आणि परत टेबलावर ठेवला. "ही तर आमची आत्या. हिला घरी कशाला नेऊ? तिथंपण भांडण काढील."

रांग खदखदली. फोटो घेऊन एकेक जण मशीनकडे वळत होती. जिन्याखालचं टेबल रिकामं होतं. पंख्याच्या वाऱ्याने फॉर्मची कोपरं वर उचलली जायची आणि परत पडायची. सोमलिंग सरांनी थोडा वेळ ते पाहिलं. मग काही न बोलता ते केबिनमध्ये गेले आणि काचेचं दार लावून त्यांनी फोन कानाला लावला.

दानेश्वरीने दाराकडे पाहिलं नाही. प्रिंटरमधून पुढचा फोटो ओढून तिने तो रांगेकडे धरला.

शेवटी केराबाई आली. रंगीत कागद तिने कडांना धरून घेतला, त्यावर पडलेला कापूस फुंकरीने उडवला. मग सोबत आणलेल्या, तपासणीत नापास झालेल्या टॉवेलाच्या घडीत तो अलगद ठेवला आणि टॉवेल काखेत धरला. सुट्टी संपल्याची घंटा झाली. बाकीच्या आत गेल्या.

केराबाई शिलाई खात्याच्या दारापर्यंत गेली, थांबली आणि जिन्याकडे वळली. खुर्ची ओढून टेबलाशी बसली.

"या की, मॅडम. वाचून दावा."

"सही करायलाच हवी असं काही नाही, मावशी. फोटो तुमचाच आहे."

"सईचं कोन म्हनलं? काल आयला बगून डोळं भरलं हुतं, काय दिसत न्हवतं. आज ऐकती." तिने टॉवेल मांडीवर घेतला. "शेळ्या र्‍हाऊ द्यायच्या का न्हाय, ते मग बगू. बारीक अक्षरातलं बी वाचा."

काचेच्या दाराआडून सोमलिंग सर पाहत होते. दानेश्वरीने दुसरी खुर्ची आणली आणि समोर बसली. तिने फॉर्मचा गठ्ठा जवळ ओढला, पालथा केला आणि शेवटच्या पानापासून वाचायला सुरुवात केली.